एकशे बारा घरांचा नकाशा

संयोगिता इंगवले भूगोल शिकवायच्या ते पुस्तक मिटून. बारावीला ‘द्वितीयक आर्थिक क्रिया’ हा धडा निघाला की फळ्यावर काही लिहायच्या आधी त्या पोरांना विचारायच्या, साखर कारखाना उसाच्या रानातच का उभा राहतो, मुंबईला का नाही? पोरं उसाच्याच घरातली. ऊस तोडला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, हे त्यांना पुस्तकानं सांगायची गरज नसायची. मग बाई म्हणायच्या, झालं, एवढंच लिहिलंय पुस्तकात, फक्त जरा अवघड शब्दांत.

कुंभारमाळ हे हुपरीच्या अलीकडचं गाव. हुपरीच्या चांदीच्या धंद्याची एक फांदी पन्नास-साठ वर्षांपूर्वी या गावात आली आणि रुजली. घराघरांत पैंजण तयार व्हायचे. कुणाकडं चांदी आटवायची, कुणाकडं तार ओढायची, कुणाकडं कड्या जोडायच्या, कुणाकडं घुंगरू बसवायचे. एक पैंजण सात-आठ घरं फिरून पुरा व्हायचा. गावच्या हायस्कुलाला जोडलेलं ज्युनिअर कॉलेज होतं, तिथं इंगवले बाई अकरा वर्षं शिकवत होत्या. राहायला उचगावात. नवरा पृथ्वीराज फौंड्रीत सुपरवायझर. सकाळी सातला त्यांची स्कुटी उचगावातून निघायची आणि कॉलेजच्या गुलमोहराखाली येऊन थांबायची.

त्या वर्षी साखर कारखाना झाल्यावर बाईंनी चांदीकडं मोर्चा वळवला. म्हणाल्या, आता सांगा, चांदीची खाण आहे का जवळपास? नाही. पैंजण इथं विकले जातात का? थोडेच, बाकी सगळे परराज्यात. गावाला रेल्वे आहे? नाही. मग हा धंदा इथं काय करतोय?

सम्राट नावाचा एक धीट पोरगा होता. त्याच्या घरी आटणीची भट्टी होती. तो म्हणाला, आजा करत हुता, म्हणून बाप करतोय. वर्ग हसला, पण बाईंना उत्तर आवडलं. धंदा एकदा जिथं बसतो तिथून सहसा हलत नाही, मूळचं कारण संपलं तरी तो बसूनच राहतो, असं पुस्तकातही आहे, त्या म्हणाल्या. पण ते मूळचं कारण काय असेल? तो पहिल्यांदा बसला कशानं?

मागच्या बाकावरून सदफ मुल्लाणी उठली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी.

“माणसं घरात हायत म्हणून, मॅडम,” ती म्हणाली. “अम्मी भाकरी थापली की कड्यांला डाक मारायला बसती. आज्जाला औषध दिऊन परत बसती. दुपारी दूध तापवून परत. कारखान्यात असं कोण बसू दील?”

बाईंनी खडू खाली ठेवला. कुशल मनुष्यबळ, असे दोन शब्द पुस्तकात होते. त्या दोन शब्दांत भाकरी नव्हती आणि आज्जाही नव्हता. त्याच तासाला त्यांच्या डोक्यात आलं की या पोरांकडून गावाचा नकाशा करून घ्यायचा. कुठल्या घरात काय काम चालतं, किती जणं करतात, माल कुठून येतो, कुठं जातो. एका गावाचा सगळा अर्थव्यवहार एका कागदावर. असं काम जिल्ह्यात कुणी केलं नसेल, असं त्यांना वाटलं, आणि खरंच कुणी केलं नव्हतं.

तक्ता त्यांनी स्वतः आखला. घर क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव, कामाचा प्रकार, काम करणारी माणसं, त्यांतल्या बायका किती, कच्चा माल, तयार माल. शेवटी थोडी जागा उरली होती. त्यांनी विचार केला आणि आणखी एक रकाना घातला: टाकाऊ पदार्थ. आम्ल वापरता का, पाणी कुठं सोडता. उद्योगाचा अभ्यास करायचा तर हेही विचारायला हवं. ते बरोबरच होतं.

पोरं आधी चार घरी गेली आणि चारही घरांतून परत आली. चांदीच्या धंद्यात अनोळखी माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. तेव्हा बाई स्वतः निघाल्या. दोन रविवार त्या पोरांना घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. बाई आल्या म्हटल्यावर दारं उघडली, चहा आले. ज्यांची थोरली पोरं बाईंच्या हाताखालून गेली होती, त्यांनी भट्टीपर्यंत नेऊन दाखवलं.

सदफच्या घरी तिची आई, जरीना, मागच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. पुढ्यात गॅसची बारीक ज्योत, हातात चिमटा. कडीला कडी लावायची, सांध्यावर डाकाचा, म्हणजे जोडधातूचा, कण ठेवायचा, ज्योत फिरवायची. कण वितळून सांध्यात शिरला की पुढची कडी. जोडून झालेला तुकडा शेवटी वाटीतल्या आम्लात बुडवून उजळायचा. बाई बघतच राहिल्या. जरीनाची नजर कामावरून हलत नव्हती आणि कान शेजारच्या खोलीत होते. तिथं तिचे सासरे करीम खाटेवर पडून असायचे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झालेला. त्यांनी घशातून आवाज काढला की जरीना ज्योत बारीक करून उठायची, त्यांची कूस बदलायची, परत येऊन बसायची. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर.

लिहून घेताना जरीनानं एकच विचारलं. कागदावर नाव कशाला?

“पोरांच्या अभ्यासापुरतं आहे, वैनी,” बाई म्हणाल्या. “कॉलेजच्या बाहेर जायचं नाही.”

हे त्या एकट्या जरीनाला म्हणाल्या नाहीत. त्या दोन रविवारांत एकशे बारा घरी म्हणाल्या.

नकाशा सदफनं काढला. पंधरा पोरांनी माहिती आणली, पण कागदावर हात तिचा. महिनाभर ती कॉलेज सुटल्यावर थांबायची. आटणीला लाल, तार ओढायला निळा, जोडकामाला हिरवा, पॉलिशला पिवळा असे ठिपके. मग एका घरातून दुसऱ्या घरात माल जातो त्याच्या बारीक रेघा. शेवटी शेवटी तो नकाशा एखाद्या विणकामासारखा दिसायला लागला. गावातली माणसं येऊन बघून जायची आणि स्वतःचं घर शोधायची. सदफनं आपल्या घराचा हिरवा ठिपका सगळ्यांत शेवटी टेकवला. बाईंना वाटलं, अकरा वर्षांत आपण शिकवलं असं आत्ता कुठं झालं.

नोव्हेंबरात कोल्हापुरात कॉलेजांचं भूगोल प्रदर्शन भरलं. नकाशाला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुणे म्हणून एका सरकारी कार्यालयातले अधिकारी आले होते. शांत, अभ्यासू माणूस. ते इतर टेबलांवरून पुढं गेले आणि या नकाशासमोर वीस मिनिटं थांबले. सदफला नीट प्रश्न विचारले, तिची उत्तरं पुरती ऐकली. असं काम आमच्या खात्यालाही जमलेलं नाही, असं म्हणाले. मग बाईंकडं वळून त्यांनी विचारलं, ह्याची फाइल मिळेल का, अभ्यासाला?

अभ्यासाला, हा शब्द बाईंना गोड लागला. सगळे कागद स्कॅन करून ठेवलेली फाइल त्यांनी तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवरून पाठवली. त्याच फाइलमध्ये नकाशाच्या मागं तो सगळा तक्ता होता, नावांसकट, शेवटच्या रकान्यासकट. तेव्हा ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सदफ शेजारी उभी होती. येताना बसमध्ये दोघींनी मिळून बक्षिसाची ढाल मांडीवर धरली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुंभारमाळात नोटिसा आल्या. राहत्या वस्तीत आम्लाचा वापर करून धातुकाम चालू असल्याचं आढळलं आहे, साठ दिवसांत काम बंद करावं अथवा मंजूर औद्योगिक क्षेत्रात हलवावं. औद्योगिक क्षेत्र नऊ किलोमीटरवर, माळावर. तिथं शेड तयार होत्या.

गावात गलका झाला. कुणी म्हणालं, शेजारच्या गावानं तक्रार केली. कुणी म्हणालं, मोठ्या कारखानदारांचा हात आहे. बाईंनाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. एकाच गोष्टीनं उलगडा झाला.

वरच्या आळीत धोंडुबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. तिचा नवरा तार ओढायचा. तो जाऊन पंधरा वर्षं झाली होती. घरात त्याचं लाकडी ओढयंत्र तेवढं उरलं होतं, त्यावर ती वाळवणाची सुपं ठेवायची. बाई दारात बोलून पुढच्या घरी गेल्या आणि पोरं लिहून घ्यायला थांबली, तेव्हा तिनं सांगितलं होतं, करतो की आम्ही बी, तार ओढतो. गावातली सगळी घरं कागदावर लागणार आणि आपलंच रिकामं राहणार, हे तिला सोसलं नसावं. पोरांनी खरं मानलं आणि निळा ठिपका टेकवला. आम्ल वापरता का, तर हो, थोडं थोडं.

नोटीस धोंडुबाईलाही आली. पंधरा वर्षं ज्या घरात चांदीचा कण आला नव्हता, त्या घराला काम बंद करण्याचा हुकूम झाला.

धोंडुबाईची नोटीस आणि चावडीवर लागलेली सगळ्या नोटिसांची यादी सम्राटनं कॉलेजात आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी कपाटातून तक्ता काढला आणि नोटिसांची यादी शेजारी ठेवून बोट फिरवलं. तेच क्रमांक, त्याच क्रमानं. आम्लाच्या रकान्यात ज्यांनी हो म्हटलं होतं ती त्र्याण्णव घरं, मुल्लाण्यांचंही त्यांत. एका नावाचं स्पेलिंग पोरांनी चुकवलं होतं, तेही तसंच छापलं होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि तास सुरू झाल्याची घंटा वाजली तरी उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या कोल्हापूरला गेल्या. प्रदर्शनाला आलेल्या त्या साहेबांनी लगेच आत बोलावलं, पाणी दिलं. बाईंनी सगळं सांगितलं. माहिती अभ्यासासाठी दिली होती, लोकांना आपण शब्द दिला होता, एक घर तर चुकीचंच आहे. साहेबांनी ऐकून घेतलं. चुकलेलं घर यादीतून काढायला त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, आणि ते निघालंही. मग त्यांनी एक फाइल बाईंपुढं सरकवली.

फाइलमध्ये गावाखालच्या ओढ्याच्या पाण्याचे अहवाल होते, तीन वर्षांचे. ओढ्याच्या कडेच्या दोन विहिरी पिण्याला बाद झालेल्या. वस्तीतल्या लहान पोरांच्या खोकल्याची आरोग्य केंद्रातली नोंद. बाईंनी पानं उलटली. खोटं काही नव्हतं. ओढा त्यांनीही रोज स्कुटीवरून बघितला होता, उन्हाळ्यात त्याला हिरवट झाक यायची.

“आम्हाला तक्रारी होत्या, घरं माहीत नव्हती,” साहेब म्हणाले. “ती तुमच्या मुलांनी दाखवली. मॅडम, मी कुणाचा धंदा बुडवत नाही. एकाच ठिकाणी सगळे आले तर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवता येतं, माल आणणं-नेणं सोपं होतं. उद्योगांचं केंद्रीकरण. तुम्हीच शिकवता ना हे?”

बाई शिकवत होत्या. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की इथला उद्योग वेगळा आहे, तो खोलीत नाही, बायकांच्या दिवसांत बसलाय. दोन कामांच्या मधल्या वेळात चालतो. तो वेळ नऊ किलोमीटर उचलून नेता येत नाही. आणि जोडकाम करणाऱ्या बायका आम्ल वापरतात ते वाटीभर, ओढा बिघडवतात ते पॉलिशवाले दहा-बारा जण. साहेब मान डोलवत राहिले. म्हणाले, हे लेखी द्या, मी पुढं पाठवतो. मला घरागणिक निवड करता येत नाही, नियमात वाटी आणि पिंप एकच आहे.

बाईंनी लेखी दिलं. चार पानं लिहिली, तक्ते जोडले. कॉलेजच्या लेटरहेडवर द्यावं म्हणून प्राचार्यांकडं गेल्या, तर त्यांनी दार लोटून घेतलं आणि हात जोडले. आधीच गावात नाव झालंय, आता कागदावर नको, म्हणाले. बाईंनी साध्या कागदावर दिलं. त्याची पोच मिळाली. नंतर काही मिळालं नाही. त्या दर सोमवारी फोन करायच्या. पुढं पाठवलंय, असं उत्तर यायचं. मार्चमध्ये साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना प्रकरण वाचायला वेळ हवा होता.

गावात बैठका झाल्या. मोठ्या कारखानदारांना माळावर प्लॉट मिळत होते, ते दोन बैठकांनंतर गप्प झाले. सम्राटच्या बापानं शेड घेतली. ज्यांची भट्टी होती ते गेले, ज्यांच्याकडं नुसता चिमटा आणि ज्योत होती ते राहिले. बाई एका बैठकीला गेल्या. चावडीसमोर सगळ्यांच्या देखत उभं राहून त्या म्हणाल्या की यादी माझ्याकडून गेली, चूक माझी आहे, पोरांची नाही. कुणी ओरडलं नाही. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं नुसतं विचारलं, आता परत आणता यील का, बाई? त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मग ते लोक पुढच्या विषयाला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाई त्या रात्री पृथ्वीराजला म्हणाल्या. पृथ्वीराज फौंड्रीत रोज भट्टीपाशी उभा राहणारा माणूस. तो म्हणाला, तू मुद्दाम केलं न्हाईस. हे खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सदफ कॉलेजला येत होती, परीक्षा तोंडावर आलेली. वर्गातल्या काही पोरी तिच्यापासून लांब बसायच्या. नकाशा हिनं काढला, एवढंच त्यांना ठाऊक. बाईंनी त्यांना बोलून बघितलं. पोरी मान खाली घालून ऐकायच्या आणि परत तशाच बसायच्या. एक दिवस तास संपल्यावर सदफ थांबली. फळा पुसत होती. पाठमोरी राहूनच तिनं विचारलं.

“मॅडम, मी आमचं घर गाळलं असतं तर?”

“तर नकाशा चुकला असता, सदफ.”

अकरा वर्षांची सवय. बाईंच्या तोंडून निघून गेलं. सदफनं डस्टर जागेवर ठेवलं.

“चुकला असता तर चाललं असतं,” ती म्हणाली, आणि दप्तर घेऊन गेली.

बाई रिकाम्या वर्गात उभ्या राहिल्या.

साठ दिवस संपले त्या आठवड्यात गावातल्या ज्योती विझल्या. माल देणाऱ्यांनी घरोघर चांदी देणं बंद केलं, ज्यांना काम हवं त्यांनी माळावर यावं म्हणून सांगितलं. जरीनानं तिकडं जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी बाई तिच्याबरोबर गेल्या. बस सकाळी नऊ वीसला, परत यायला पावणेसहाला. मधे काही नाही. शेड मोठी होती, हवा खेळती, धूर ओढून घ्यायला पंखे. पन्नास टेबलं ओळीनं मांडलेली. खरं सांगायचं तर जरीनाच्या मागच्या खोलीपेक्षा ती जागा चांगली होती. बाईंना ते दिसत होतं, म्हणून त्यांना आणखी वाईट वाटलं.

जरीना तिथं जेमतेम तीन आठवडे गेली. करीमना बघायला शेजारची बाई यायची, पण ती तिच्या सवडीनं. एका दुपारी ते खाटेवरून खाली घसरले आणि संध्याकाळी जरीना येईपर्यंत तसेच जमिनीवर पडून होते. हाड मोडलं नाही. त्यांना बोलता येत नव्हतं, त्यामुळं किती वेळ पडले होते ते कळलं नाही. जरीनानं दुसऱ्या दिवशी बस धरली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शेडवाल्यांनी आठवडाभर तिचं टेबल रिकामं ठेवलं, मग दुसरी बाई बसवली. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

बाईंना हे सदफच्या पेपराच्या दिवशी कळलं. परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी त्यांनी तिला गाठलं. आज घरी कोण आहे, विचारलं. अम्मी हाय, सदफ म्हणाली, आता अम्मी असती घरात. मग बाईंनी विचारलं, पेपर कसा गेला? सोपा गेला. उद्योगांच्या स्थानावर परिणाम करणारे घटक विचारले होते, दहा गुणांना. लिहिलं सगळं, पुस्तकातलं.

एप्रिलमध्ये बाई मुल्लाण्यांच्या घरी गेल्या. काहीतरी करावं म्हणून त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली होती. पेठ वडगावात त्यांच्या मामाच्या ओळखीनं घरी बसून करायचं शिवणकाम मिळत होतं, त्यासाठी मशीन लागणार होतं, तेही त्या देणार होत्या. जरीनानं चहा केला. मागच्या खोलीत खिडकीपाशी आता करीमची खाट आणून ठेवली होती, उजेड येतो म्हणून. म्हाताऱ्याचे डोळे बाईंवर लागले होते. ओळखलं की नाही, ते कळत नव्हतं.

मशीनचं ऐकून जरीना हसली. दोन्ही हात तिनं पुढं धरले. बोटांच्या टोकांना बारीक भाजल्याचे डाग होते, वीस वर्षांचे.

“ह्या बोटांला डाक कळतो, मॅडम. सुई दोरा कळत न्हाई. शिकतो म्हटलं तर शिकीन बी, पर तवर काय?”

बाईंनी ऐकलं. माफ करा, असं त्या म्हणाल्या. वाटेत त्यांनी ते पुष्कळ वेळा जुळवलं होतं, तोंडातून मात्र ते दोनच शब्द पडले. जरीनानं कपबशी उचलली. म्हणाली, तुमचं काय वाईट मनात नव्हतं, ते आमाला ठावं हाय. एवढं म्हणून ती आत गेली. सासऱ्यांनी आवाज दिला होता.

मे महिन्यात कुणीतरी सांगितलं की ओढ्याचं पाणी स्वच्छ व्हायला लागलंय. बाईंनी स्कुटी थांबवून बघितलं. खरंच हिरवी झाक कमी झाली होती. काठावर एक बाई घोंगडं धूत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्यांना वाटलं. त्या थोडा वेळ आनंदाची वाट बघत उभ्या राहिल्या, मग निघाल्या.

निकाल लागला. सदफ कॉलेजात दुसरी आली, भूगोलात पहिली. पेढे वगैरे कुणी वाटले नाहीत. प्राचार्यांनी फलकावर नाव लिहून घेतलं. नकाशा तिथंच शेजारी काचेच्या चौकटीत लावलेला होता. बाईंनी तो उतरवायला सांगितला तर प्राचार्य म्हणाले, असू द्या, बक्षीस मिळालेलं आहे, तपासणीला बरं दिसतं.

जूनच्या शेवटी एका सकाळी बाई कॉलेजला निघाल्या होत्या. गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक टेम्पो थांबलेला दिसला, चाक पंक्चर. भांगलणीला निघालेल्या बायका खाली उतरून बांधावर बसल्या होत्या, डोक्याला फडकी, हातात खुरपी. त्यांच्यात जरीना होती. मळ्यात दुपारी दोनला जेवणाची सुट्टी होते, घर जवळ पडतं, मधे एकदा येऊन सासऱ्यांना बघता येतं, असं तिनं आपण होऊन सांगितलं. उन्हानं तिचा चेहरा रापला होता. खुरप्याच्या मुठीनं तळहाताला फोड आला होता, तो तिनं फडक्याच्या कोपऱ्यानं बांधला होता.

बाईंनी स्कुटी बंद केली. बायका त्यांच्याकडं बघत होत्या. दोघी-तिघींना त्यांनी ओळखलं, त्यांच्या घराचे ठिपकेही हिरवेच होते.

टेम्पोचं चाक बसलं. बायका चढायला लागल्या. जरीना उठली, दोन पावलं गेली आणि परत फिरून स्कुटीजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एखाद्या ऑफिसात काम घेऊन आलेल्या माणसासारखी थोडी भीड होती.

“मॅडम, पोरगी म्हणती पुढं भूगोलच घेतो. कोल्हापूरला. घेऊ दे का? तुमी सांगशीला तसं. तुमचंच ऐकती ती.”

बाईंनी तोंड उघडलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

“विचार करून सांगते, वैनी,” त्या म्हणाल्या.

“सांगा की. फार्म भरायची तारीख शुक्रवारपतोर हाय.”

जरीना मागच्या फळीला धरून वर चढली. वरच्या बाईनं तिला हात दिला. टेम्पो मळ्याच्या वाटेला वळला, आणि बाई स्कुटीची किल्ली हातात धरून तिथंच उभ्या होत्या, पहिल्या तासाची वेळ होऊन गेली तरी.